हेड गळते, आता काय करायचे?

(मंडणगड येथे प्रौढ साक्षरता वर्गाच्या मंडळींपुढे केलेले भाषण)



आज आपल्याला इंजिनाविषयी बोलायचे आहे. सगळ्या इंजिनाविषयी नाही, फक्त त्याच्या डोक्याविषयी. मिस्त्री लोक त्याला 'हेड' म्हणतात. आपणही हेडच म्हणू. हेड उतरवून पुन्हा बसवताना चुका होतात. चांगल्या जाणत्यांच्या हातूनही होतात. चूक झाली हे ओळखायचे कसे, आणि झालेली चूक निस्तरायची कशी, एवढेच आज सांगायचे आहे.

कोणी म्हणेल, "आता गावोगाव वीज आली. इंजिनाचं काय घेऊन बसलात?" वीज आली हे खरे. पण पऱ्याच्या काठी भाजीचा मळा असतो, तेथवर तार गेलेली नसते. बाणकोटच्या खाडीतल्या होड्या काही तारेवर चालत नाहीत. आणि ३ जून २०२० चा दिवस आपल्यापैकी कोण विसरेल? निसर्ग चक्रीवादळ आले. झाडे पडली, खांब वाकले. मंडणगड आणि दापोली तालुक्यांतल्या पुष्कळ गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. त्या दिवसांत ज्याच्या पडवीत चालते इंजिन होते, त्याची किंमत शेजाऱ्यांना कळली. चालते इंजिन, असे आम्ही म्हणतो. बंद पडलेले इंजिन म्हणजे नुसते लोखंड.

आधी हेड म्हणजे काय ते पाहू. इंजिनात एक जाड लोखंडी नळकांडे असते. तो सिलिंडर. त्यात दट्ट्या वरखाली होतो. दट्ट्याला पिस्टन म्हणतात. नळकांड्याचे वरचे तोंड बंद करणारे जड झाकण म्हणजे हेड. पण हे डब्याच्या झाकणासारखे साधे झाकण नव्हे. हवा आत घेणारा एक व्हॉल्व्ह आणि धूर बाहेर सोडणारा दुसरा व्हॉल्व्ह, दोन्ही हेडातच असतात. तेल फवारणारे नोझल त्यातच असते. हेड तापून फुटू नये म्हणून, पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात, त्याच्या पोटातून पाणीही खेळते. म्हणजे आग, पाणी, तेल आणि वारा, चौघेही एकाच घरात. त्यांना एकमेकांपासून दूर ठेवते ती हेडाखालची एक पातळ चकती. तिला गॅस्केट म्हणतात. कोणी पॅकिंग म्हणतात.

डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. जर्मनीतल्या रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ साली हे इंजिन नीट चालवून दाखवले, त्यातली खुबी हीच. हवा इतकी दाबायची की ती दाबानेच तापावी. मग तिच्यात तेल उडवले की ते आपोआप पेटते. सायकलीत हवा भरताना पंपाचे खालचे टोक गरम लागते ना? तोच प्रकार, पण फार मोठा. आपल्याकडे पुण्याला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स हा कारखाना १९४६ साली निघाला. त्यांचे ए. व्ही. १ नावाचे पाच घोड्यांचे इंजिन शेतावर तुम्ही पाहिले असेल. त्याच्या सिलिंडरचे तोंड ८० मिलिमीटर रुंद, साधारण चहाच्या पेल्याएवढे. त्यात हवा साडेसोळा पट दाबली जाते.

आता वहीत एक हिशेब करा. तोंड ८० मिलिमीटर रुंद, म्हणजे त्याचे क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस सेंटिमीटर. तेल पेटले म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर ६० किलोचा दाब धरू. ५० गुणिले ६० म्हणजे ३,००० किलो. तांदळाची ५० किलोची पोती धरली तर ६० पोती झाली. एवढा भार हेडाला खालून वर ढकलतो. इंजिन मिनिटाला १,५०० फेरे करते. दर दोन फेऱ्यांत एकदा तेल पेटते. म्हणजे मिनिटाला ७५० वेळा ही ढकल बसते. पेल्याएवढ्या तोंडावर साठ पोत्यांचा धक्का, आणि तो अडवायला चारसहा नट! म्हणून हे नट कसे आवळले, याला एवढे महत्त्व.

समजा, एप्रिल महिना आहे. पऱ्याला थोडेसे पाणी उरले आहे. वाफ्यांत मिरची आहे, वांगी आहेत, वेलाला पडवळ लागले आहे. इंजिनाचे हेड उतरवून आतली काजळी साफ केली आणि हेड पुन्हा चढवले. इंजिन सुरू झाले. तासाभराने हेडाच्या कडेने फुसफुस आवाज येऊ लागला. पाण्याच्या पिंपात बुडबुडे उठू लागले.

मालक म्हणतात, "मिस्त्री, आणखी आवळा. पाना पुरत नसेल तर त्याला पाइप लावा."

मिस्त्री म्हणतो, "नको, काका. आवळून बंद होण्यातलं हे नव्हे. उघडून बघू या."

"अरे, पुन्हा उघडायचं? दोन दिवस पाणी नाही मिळालं तर वाफे करपतील!"

मालकांची घाई खोटी नाही. कर्ज काढून बी आणलेले असते. घरातल्या माणसांनी पहाटे उठून वाफे ओढलेले असतात. तरी या वादात आम्ही मिस्त्रीच्या बाजूचे. का, ते पाहा. हेड ज्या खिळ्यांनी धरलेले असते त्यांना स्टड म्हणतात. पान्याला पाइप लावून जोर केला की स्टड रबरासारखा ताणतो. थोडा ताणला तर तो पुन्हा आखडतो, आणि त्या आखडण्यानेच तो हेडाला धरून ठेवतो. पण फार ताणला की तो मेला. मग तो आखडत नाही. कधी ब्लॉकमधले आटेच उपटून येतात. आता नुसते गॅस्केट बदलून भागत नाही. ब्लॉक उचलून कारखान्यात न्यावा लागतो. आपल्या तालुक्यात रेल्वेचे स्टेशन नाही. एखादा भाग इथल्या बाजारात नसला तर खेड, दापोली नाही तर महाड गाठावे लागते. अर्ध्या दिवसाचे काम पंधरा दिवसांवर जाते, आणि तोवर वाफ्यात काय उरणार?

पण उघडायचे म्हणजे लगेच पाने घेऊन बसायचे असेही नाही. हेडावर आळ येतो आणि चोर दुसराच निघतो, असे पुष्कळदा होते. इंजिन चालूच होत नसेल, हँडल मारताना हाताला दाब लागत नसेल, तर आधी पैसे न लागणाऱ्या गोष्टी बघाव्या. डिकॉम्प्रेशनची दांडी तशीच उचललेली राहिली आहे काय? ती उचललेली असली की व्हॉल्व्ह उघडा राहतो आणि सगळा दाब निघून जातो. मग टॅपेट बघा. रॉकर आणि व्हॉल्व्हचे टोक यांच्यात केसाएवढी फट हवी असते. किती हवी ते इंजिनाच्या पुस्तिकेत छापलेले असते. इंजिन थंड असताना बघायची की गरम असताना, हेही तिथेच असते. फट ठेवलीच नाही तर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, आणि माणूस उगाच गॅस्केटला दोष देतो. पुशरॉड आपल्या वाटीत बसला नसेल तर तो पहिल्या फेऱ्यातच वाकतो. तेलाच्या नळीत हवा अडकली असेल तर ती काढावी लागते. नोझलखाली तांब्याचा एक वॉशर असतो. जुना वॉशर भोकाच्या तळाशी चिकटून राहतो, तो दिसत नाही, आणि त्याच्यावर दुसरा बसवला जातो. मग नोझल वर उचलले जाते, काळा धूर येतो, कडेने दाब सुटतो. बॅटरी घेऊन भोकात डोकावले तर हे एका मिनिटात कळते.

पिंपात बुडबुडे असले तर पाण्याच्या नळीचे पट्टे आधी बघा. सैल पट्ट्यातून पंप हवा ओढतो, तिचेही बुडबुडे येतात. कडेने फुसफुस येत असेल तर तिथे साबणाचे पाणी लावा. फेस फुगला तर गळती तिथेच. इंजिनाच्या तेलाची कांडी काढून पाहा. तेल दुधाच्या चहासारखे दिसत असेल आणि पातळी वाढली असेल, तर पाणी तेलात उतरते आहे. असे इंजिन एक मिनिटही चालवू नये. पाण्याचे तेल बेअरिंगला खाऊन टाकते.

एक गोष्ट फार जपून ऐका. रात्रभर उभे राहिलेले इंजिन सकाळी फिरवायला गेलात आणि हँडल अर्ध्यात अडले, तर जोर करू नका. दोघे मिळून तर मुळीच नका. सिलिंडरमध्ये पाणी उतरलेले असू शकते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. जोर केला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. नोझल काढा, तोंड भोकापासून दूर ठेवा आणि चाक हळूहळू हाताने फिरवा. आत पाणी असेल तर त्या भोकातून बाहेर येईल.

एवढे करूनही हेडच गळते असे ठरले, तर मग उघडावे. इंजिन पुरते थंड होऊ द्या. गरम हेड सोडले तर ते वाकडे होते. आधी पाणी काढून टाका, नाही तर हेड उचलताच ते सिलिंडरात जाईल. नट एकदम सोडू नका. बाहेरच्या बाजूचे आधी, सगळे थोडेथोडे, दोन-तीन फेऱ्यांत सोडा. हेड चिकटलेले असेल तर मध्ये छिन्नी घालून उचकटू नका. लाकडी ठोकळ्याने कडेला हलके ठोका. आम्हाला विचाराल तर मिस्त्रीच्या पेटीत लोखंडी हातोडी सगळ्यांत खाली ठेवावी, म्हणजे ती काढायचा कंटाळा येईल.

आता आले खरे काम. जुने गॅस्केट फेकू नका. कागदावर ठेवा आणि उजेडात वाचा. हो, वाचाच म्हणतो. पुस्तकासारखे तेही वाचता येते. आगीच्या गोल कड्यापासून पाण्याच्या भोकाकडे काळी रेघ गेली असेल, तर आग पाण्यात शिरत होती. बुडबुडे तिचेच. तांबडी गंजाची रेघ आत आली असेल, तर पाणी आत येत होते. एका बाजूला गॅस्केट चांगले चेपलेले आणि दुसऱ्या बाजूला नव्यासारखे फुगीर असेल, तर नट सारखे आवळलेले नव्हते. मधेच खड्डा उमटला असेल तर तिथे जुन्या गॅस्केटचा तुकडा किंवा वाळूचा कण राहिला होता. पाण्याचे भोक झाकले गेले असेल, तर गॅस्केट उलटे बसले होते.

उलट्या गॅस्केटची चूक फार होते, आणि ती टाळायला फक्त तीन अक्षरे यायला हवीत. पुष्कळ गॅस्केटवर इंग्रजीत 'टॉप' असा शब्द दाबलेला असतो. टॉप म्हणजे वर. त्याची तीन अक्षरे अशी. पहिले, उभ्या काठीच्या डोक्यावर आडवी काठी. दुसरे, आपल्या शून्यासारखे गोल. तिसरे, उभी काठी आणि तिच्या वरच्या अर्ध्याला उजवीकडे पोट. ही अक्षरे आकाशाकडे यायला हवीत. वहीत दहा वेळा काढा, म्हणजे डोळ्यांत बसतील. शब्द नसेल तर गॅस्केट ब्लॉकवर ठेवून एकेक भोक जुळवून पाहावे.

जुनेच गॅस्केट पुन्हा घालू नये. नुसत्या तांब्याच्या पत्र्याचे असेल तर ते तापवून, मऊ करून पुन्हा वापरतात, ते चालते. पण दोन पत्र्यांत भरण असलेले एकदा चेपले की संपले. एकावर एक दोन घालण्याचा उपाय तर अगदीच वाईट. झाकण उंच होते, हवा पुरती दाबली जात नाही, इंजिन सुरू व्हायला रडते. फार जुन्या गॅस्केटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. त्याची धूळ छातीत गेली तर पुढे कॅन्सरसारखे रोग होतात. म्हणून असे गॅस्केट कोरडे खरवडू नये, तोंडाने फुंकू नये. पाणी मारून ओले करावे, मग काढावे, आणि पिशवीत बांधून टाकावे. पोरांना खेळायला देऊ नये.

दोन्ही तोंडे साफ झाली की हेड वाकले आहे का ते पाहावे. त्यावर सरळ पोलादी पट्टी आडवी, उभी आणि तिरपी ठेवा. पट्टीखालून वहीचा कागद सरकतो का बघा. वहीचा कागद जवळजवळ ०.१ मिलिमीटर जाड असतो. तो सरकला तर हेड कारखान्यात नेऊन तोंड घासून घ्यावे लागेल. असे हेड कितीही नवे गॅस्केट घातले तरी गळणारच. कागद नाही सरकला म्हणून निश्चिंत होऊ नका, फिलर गेज मिळाले तर त्याने पाहा. काही इंजिनांत स्टडऐवजी बोल्ट असतात. त्यांच्या भोकांत पाणी किंवा तेल साचलेले असेल तर चिंधीने टिपून घ्या. साचलेल्या पाण्यावर बोल्ट आवळला तर ब्लॉकला तडा जातो. स्टडचे आटे गंजलेले असतील तर तेही साफ करा. गंजलेल्या आट्यांवर पाना जड लागतो, आपल्याला वाटते आवळले, आणि हेड तर सैलच असते.

मग नट हाताने बसवा. आवळताना समोरासमोर जा. चुलीवर जड हंडा ठेवताना आपण एक कड आधी टेकवत नाही, तसेच. एक नट इकडचा, दुसरा त्याच्या समोरच्या कोपऱ्यातला. पहिल्या फेरीत तिसरा हिस्सा जोर, दुसऱ्या फेरीत दोन हिस्से, तिसऱ्या फेरीत पुरा. पुस्तिकेत नटांचे चित्र असते आणि त्यावर १, २, ३, ४ असे आकडे असतात. तो क्रम मोडू नका.

पुरा जोर म्हणजे किती? हाही आकडा पुस्तिकेतच असतो. पण नुसता आकडा वाचून भागत नाही, त्याच्या पुढचे अक्षरही वाचावे लागते. एक मीटर लांब पान्याच्या टोकाला एक किलोचा जोर लावला, तर तो झाला एक किलोग्रॅम-मीटर. नव्या पुस्तिकांत न्यूटन-मीटर हे माप असते. एक किलोग्रॅम-मीटर म्हणजे सुमारे १० न्यूटन-मीटर. जुन्या इंग्रजी पुस्तिकांत फूट-पौंड असतात. एक किलोग्रॅम-मीटर म्हणजे सुमारे ७ फूट-पौंड. आता ५० न्यूटन-मीटर लिहिलेले आहे आणि कोणी ते ५० फूट-पौंड समजून आवळले, तर हवे त्यापेक्षा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त जोर पडतो. आकडा बरोबर, माप चुकले, स्टड गेला.

जोर मोजण्याचा टॉर्क पाना मिळाला तर उत्तमच. नसेल तर एक साधी युक्ती आहे. नटाच्या मध्यापासून अर्धा मीटर अंतरावर पान्याला खूण करा. तिथे मासळी तोलायचा स्प्रिंगचा काटा अडकवा आणि पान्याशी काटकोन ठेवून ओढा. काट्याने १० किलो दाखवले तर अर्धा गुणिले १०, म्हणजे ५ किलोग्रॅम-मीटर. हिशेब एवढाच.

बाणकोट, वेसवीकडच्या मंडळींसाठी आता थोडे वेगळे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. इंजिने उघडण्याचे दिवस तेच. पण काम लांबते, नारळी पौर्णिमा जवळ येते, आणि शेवटच्या दोन दिवसांत हेड चढवले जाते. शेतावरचे इंजिन बंद पडले तर वाफा सुकतो. सावित्री जिथे समुद्राला मिळते तिथे, ओहोटीच्या ओढीत, होडीचे इंजिन बंद पडले तर जिवाशी गाठ असते. म्हणून हेड चढवल्यावर पहिली फेरी खोल पाण्यात नेऊ नये. धक्क्याला बांधूनच तासभर इंजिन चालवावे. ज्या इंजिनाला खारे पाणी थंड करते, त्याच्या हेडाची पाण्याची भोके गंजाने आतून पोखरलेली असतात. गॅस्केट नवे असले तरी त्याला बसायला लोखंडच उरलेले नसते. अशा वेळी हेडच बदलणे भाग आहे. मालकाच्या तोंडावर हे सांगणे मिस्त्रीला जड जाते, पण सांगावे.

शेवटी सुरू करण्याआधीचे काम. टॅपेटची फट लावा. पाणी भरा आणि थोडा वेळ थांबून कडेने पाझरते का पाहा. डिकॉम्प्रेशनची दांडी उचलून चाक हाताने दोन पुरे फेरे फिरवा. कुठे ठक्कन अडले तर थांबा, व्हॉल्व्ह किंवा पिस्टन कशाला तरी लागतो आहे. तेल दुधाळ झाले होते तर सगळे तेल बदला. मग भार न घालता दहा-पंधरा मिनिटे चालवा. चालताना पाणी कमी झालेले दिसले तर तापल्या हेडावर गार पाणी ओतू नका, त्याला तडा जातो. इंजिन थंड झाल्यावर नट पुन्हा आवळायचे की नाही, हे पुस्तिकेत बघा. काही इंजिनांना आवळायचे असतात, काहींना नसतात. आवळले तर टॅपेटची फट पुन्हा लावावी लागते. हे पुष्कळजण विसरतात.

मग एका पुठ्ठ्यावर लिहून ठेवा. हेड बसवले ती तारीख. गॅस्केटच्या पाकिटावरचा नंबर. नट किती जोराने आवळले तो आकडा, आणि त्याच्या पुढचे माप. टॅपेटची फट किती ठेवली ते. पुठ्ठा इंजिनाजवळ भिंतीला टांगा. मालक घरी नसले तरी वहिनींना तो वाचता येईल, आणि नवा मिस्त्री आला तर त्याला विचारत बसावे लागणार नाही.

पुढच्या वर्गाला येताना घरी किंवा गिरणीत गॅस्केटचे रिकामे पाकीट असेल तर ते घेऊन या. जुने, जळलेले गॅस्केट असेल तर तेही आणा, पण पिशवीत बांधून. फळ्यावर आपण पाकिटावरची अक्षरे लिहू, आणि प्रत्येक गॅस्केट कुठे गळत होते ते सगळ्यांनी मिळून ओळखू.